दोन गाठी

डॉक्टर माधुरींनी प्लास्टिकची पट्टी कमळाकरच्या हातावर दुसऱ्यांदा टेकवली आणि मोजायचं सोडून त्या नुसत्याच बघत राहिल्या. शेजारी त्याची बायको शकू बसली होती.

नवऱ्याच्या तळपायाचा काळा डाग कातडीचा कॅन्सर निघाला होता. मुंबईत तो कापून काढला आणि त्याच्याच मेलेल्या पेशींपासून कमळाकरपुरती लस बनवली. अंगाला स्वतःचा वैरी ओळखायला शिकवणारी लस, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. औषध अजून प्रयोगातलं. सोमवारी पनवेलच्या या दवाखान्यात त्यांनी हातावर दोन जागी टोचलं आणि भोवती पेनाने गोल काढले. अंग लढायला लागलं असेल तर गाठ उठेल, मग पुढचे डोस, नाहीतर बंद. हाताला काही लावलंत तर प्रयोगातून नाव कटेल, हेही बजावलं होतं.

मंगळवारी सकाळी मनगटाजवळचा गोल लाल होऊन फुगला. कोपराजवळचा मात्र ढिम्म. लस अर्धीच लागली, असं शकूने मनाशी धरलं. दुपारी नवऱ्याचा डोळा लागल्यावर तिने बिब्बा तापवला आणि त्याचं तेल सुईच्या टोकाने कोपराजवळच्या गोलात लावलं. बिब्बा उतला की कातडी कशी सुजते, हे तिला लहानपणापासून ठाऊक. आज बुधवारी दोन्ही गाठी टरारून वर आल्या होत्या, आणि इथे येताना एसटीत शकू स्वतःच्या शहाणपणावर खूश होती.

"काका, कोपराजवळ आम्ही नुसतं मिठाचं पाणी टोचलं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "मुद्दामच सांगितलं नव्हतं. तिथे काही उठायला नको होतं. तुमचं अंग कशानेही सुजत असेल, तर मनगटाची गाठ लसीची कशावरून म्हणू?"

कमळाकर हसला. "बाई, तीस वरसं मिठागरात उबा हाय. मिठाचं पानी मना कदी बाधलं नाय."

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली आणि कागद पुढे ओढला. गप्प बसलं तर डोस बंद, बोललं तर नाव कटणार. शकूला कुठूनच वाट दिसेना. कमळाकर अजून हात पुढे धरून बसला होता. त्याचं अंग खरंच लढलं होतं, आणि ते त्याला कधीच कळणार नव्हतं. हे मात्र तिला सोसवेना.

"डाक्टरबाय," ती म्हणाली, "मनगटाची गाठ यांची हाय. कोपराची माजी."

डॉक्टरांचं पेन थांबलं. कमळाकरने आधी तिच्याकडे पाहिलं, मग कितीतरी वेळ तो मनगटाकडे बघत राहिला.