बाबांच्या मापाची सीट

"ती सीट आत गेली तर मी या गाडीत पाय ठेवणार नाही!" बाबांनी स्टुलावरूनच फर्मान काढलं.

तोंडात धरलेला बोल्ट काढून मी म्हटलं, "नका ठेवू. आधी मला ती बसवू तर द्या."

गाडी बाबांची. माझ्याहून वयाने मोठी, फुगीर दिव्यांची, दार लावलं की भारदस्त आवाज करणारी. तिच्या आतलं सगळं बाबांनी स्वतः शिवलेलं, कारण गाड्यांच्या सीटा शिवणं हा आमचा धंदा. आधी त्यांचा, आता माझा. आणि मी त्यांच्यापेक्षा तसूभरही कमी नाही. हे मीच सांगते. दुसरं कोणी सांगायची वाट बघत बसले तर काम कधी करू?

पण वर्ष होत आलं, बाबांनी गाडीला हात लावला नव्हता. "त्या सीटवर कंबर धरते गं," म्हणायचे. रोज संध्याकाळी आईला घेऊन चक्कर मारणारा माणूस खिडकीशी बसून राहू लागला. जेवणात खोट काढायची, आईवर डाफरायचं. आई एकदा मला म्हणाली, "गाडी सुटल्यापासून ह्यांचा जीवच कशात नाही बघ." मला काळजाला लागलं ते. मग मी ठरवलं, सीटमुळे कंबर धरते ना? सीटच बदलू. बाबा पुन्हा गाडी चालवणार म्हणजे चालवणार.

इंजिन जाम होऊन भंगारात निघालेल्या एका नव्या गाडीच्या पुढच्या दोन सीटा मी भंगारवाल्याकडून उचलून आणल्या. कंबरेला आधार देणाऱ्या, अंगाला धरून बसणाऱ्या. पण त्यांच्या सरकपट्ट्या जुन्या भोकांवर येईनात. गाडीच्या तळाला नवं भोक पाडायचं नाही, हा माझा हट्ट. उद्या बाबांची शिवलेली सीट परत लावायची झाली तर मुकाट बसली पाहिजे. म्हणून शेजारच्या वेल्डरकडून लोखंडी पाय करून घेतले. त्याला सगळे ठिणगी म्हणतात.

"ताई, सून मोठी आणि घर लहान!" सीट आत ढकलताना तो म्हणाला.

"तू वेल्डिंग कर. संसाराचं मी बघते."

दोन्ही सीटा बसल्या. मी ऐटीत स्टिअरिंगमागे बसून पाहिलं. डोक्यावर भरपूर जागा. आणि मग कपाळावर हात मारला. मी स्वतःच्या उंचीने माप धरलं होतं, बाबा माझ्याहून वीतभर उंच! त्यांच्या मांड्या स्टिअरिंगखाली अडकल्या असत्या. ती सीट पुन्हा बाहेर. कव्हर सोडलं, फोमवर सुरी टेकवली, तोच मागून आवाज आला.

"अगं ए शहाणे! वरून काय कापतेस? उलटी कर, खालून तास. बसायचा उभार एकदा गेला की गेला!"

मला ठाऊक नव्हतं थोडंच! पण घाईला अक्कल नसते. बाबा बाकाचा आधार घेत आले, सुरी माझ्या हातातून काढून घेतली आणि एका दमात फोमचा सपाट काप काढला.

"हात अजून तसाच आहे, काका," ठिणगी म्हणाला.

"हाताला काय धाड भरलीय?"

सीट परत चढवली, त्यांच्या लांब पायांसाठी पार मागे सरकवली. मी किल्ली पुढे केली. बाबा नको नको म्हणत बसले. टेकले. डोळे मिटले.

"कंबर?" मी विचारलं.

"काही नाही. छान झालीय."

मी जिंकले होते. पण बाबा किल्ली फिरवीनात. खाली वाकून पायाशी बघत राहिले. मग ठिणगीला म्हणाले, "जा रे, चहा पिऊन ये." तो गेल्यावर दार अर्धवट ओढून घेतलं.

"कंबर कधी धरलीच नव्हती गं. उजव्या पायाला काही कळत नाही. ब्रेकवर आहे का नाही, ते बघावं लागतं. गेल्या वर्षी बघेपर्यंत गाडी फाटकाला टेकली. तुझी आई तिथेच उभी होती, हातभर अंतरावर. तिला वाटलं, मी थट्टा करतोय. हसली."

मी त्यांच्या उजव्या पायाकडे पाहिलं.

"नाचता येईना, म्हणून अंगण वाकडं म्हणत राहिलो. तू अंगणच सरळ करून ठेवलंस. आता काय सांगू लोकांना?"

आधी मला राग आला. वर्षभर आम्हाला झुलवत ठेवलं म्हणून. मग रडू आलं, तेही रागानेच. "डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. पाय शाबूत राहील, पण त्यातली जाणीव परत यायची नाही म्हणाले."

बाबा उतरले. बॉनेटवर हात टेकत, पाय नीट बघून टाकत, पलीकडे गेले आणि दुसऱ्या दारातून आत बसले. ती सीट मी अजून तासली नव्हती. त्यांचं डोकं छताला लागलं.

"उतरा बाबा. ती कापायची राहिलीय."

"राहू दे. चल, तुझ्या आईला घेऊन येऊ. तू चालव."

मी त्यांच्या जागेवर बसले. पाय क्लचपर्यंत पोचेनात. बाबा समोर काचेकडे बघत होते. मी वाकून सीटखालचा खटका ओढला आणि सीट माझ्या मापाला पुढे घेतली.