स्क्रूंच्या डब्यातली गोळी

मित्रांनो, माझ्या गंजलेल्या कडा पाहून नाक मुरडू नका. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. एके काळी माझ्या झाकणावर गुलाब छापलेले होते आणि पोटात बिस्किटे होती. बिस्किटे पाहुण्यांनी फस्त केली, गुलाब हात लागून लागून पुसले गेले आणि मी एका सुताराच्या कारखान्यात येऊन पडलो. पडलो कसला, माझे नशीबच उघडले!

पुढे कारखाना, मागे घर आणि मध्ये एक दार. मालकांना सगळे मिस्त्री म्हणत. त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. मिस्त्रींचा स्वभाव असा, की त्यांच्या हातून काही फेकले जात नसे. कपाट तयार झाले की उरलेले स्क्रू माझ्या पोटात. वाकडा खिळा ठोकून सरळ केला की तोही माझ्या पोटात. मोडक्या कडीचा तुकडासुद्धा "लागेल कधीतरी" म्हणत माझ्याकडे यायचा. आणि कारखान्याचा रिवाज असा, की ज्याला जे लागेल त्याने माझ्यात हात घालावा आणि घ्यावे. परवानगी मागायची नाही.

"डब्याला कसलं आलंय विचारणं!" मिस्त्री म्हणत.

मला त्या स्क्रूंचे फार नवल वाटे. तांदळाच्या दाण्याएवढा जीव, पण माणसाहून उंच दार वर्षानुवर्षे पेलून धरतो. एवढ्याशा अंगात एवढे बळ येते कुठून, याचा विचार करत मी फळीवर बसून असायचो. दुसरे काम तरी काय होते मला?

मिस्त्रींच्या लाकडाला पॉलिश करायला एक म्हातारे काका येत. त्यांचा हात फिरला की लाकडात तोंड दिसे, म्हणून त्यांना सगळे चकचककाका म्हणत. त्यांचा स्वतःचा सदरा मात्र कधी चकचकीत दिसला नाही. एकदा एक आजोबा जुनी पेटी घेऊन आले. तिच्या बिजागरीचा पितळी स्क्रू हरवला होता आणि तसला कुठे मिळत नव्हता. काकांनी माझ्यात हात घातला, खडखडाट केला आणि नेमका तसाच स्क्रू वर काढला.

"डबा आहे की जादूची पोतडी!" आजोबा म्हणाले. त्या दिवशी माझे झाकण आनंदाने नीट बसेना.

मग एक दिवस मिस्त्री शिडीवरून पडले. खांद्याचे हाड मोडले, ऑपरेशन झाले. घरी आल्यावर त्यांचे कण्हणे दाराआडून मला ऐकू येई. अवजड फळ्या हसत उचलणारा हा माणूस उशी सरकवली तरी कळवळायचा. वहिनी त्यांना एक गोळी देत. थोड्या वेळाने कण्हणे थांबे आणि घरात शांतता पसरे. मी थक्क झालो. माझ्यातल्या सगळ्यात लहान स्क्रूच्या डोक्याएवढी ती गोळी, आणि तिने एवढे मोठे दुखणे गप्प केले!

वहिनी मात्र तिला फार जपून हाताळत. "हे साधं औषध नाही हो," त्या म्हणायच्या. "औषधवाल्या बाईंनी बजावून सांगितलंय. अफूच्या कुळातलं आहे हे. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच आणि सांगितलंय तेव्हाच घ्यायचं. वर झोपेची गोळी नको, दारू नको. दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, आणि उरलं तर दुकानात परत नेऊन द्यायचं."

मिस्त्रींचा खांदा भरून आला. आता साध्या गोळीवर भागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. पाकिटात गोळ्या उरल्या. आणि मित्रांनो, मिस्त्रींच्या घरात उरलेली वस्तू कुठे जाते, हे तुम्हाला आता ठाऊक आहे.

"अहो, परत द्यायच्या होत्या ना त्या?" वहिनींनी विचारले.

"असू दे गं. लागतील कधीतरी."

त्या कधीतरी लागल्या नाहीत, रोजच लागू लागल्या. आधी खांदा दुखला की मिस्त्री माझ्यात हात घालत. मग गिऱ्हाईक भांडून गेले की घालत. पुढे तर सकाळी कामाला लागण्याआधीच. संपत आल्या तेव्हा खांदा अजून ठणकतो असे डॉक्टरांना सांगून त्यांनी आणखी लिहून आणल्या. एखाद्या दिवशी गोळी नाही घेतली तर त्यांना दरदरून घाम फुटे, नाक गळे, जांभया थांबत नसत. रंधा धरलेला हात थरथरे. वहिनी काही बोलल्या तर ते त्यांच्या अंगावर खेकसत. असे ते पूर्वी कधी करत नसत. त्या गोळीने दुखण्याला धरले होते, तशीच ती आता माणसालाही धरून बसली होती. ती माझ्या पोटात असूनही तिचे खरे बळ मला कळले नव्हते, आणि आता कळले तेव्हा मला भीती वाटली.

एका दुपारी मिस्त्री माप घ्यायला बाहेर गेले होते. चकचककाका टेबलाला पॉलिश करत होते. वाकून वाकून त्यांची पाठ धरली. मिस्त्री दुखण्यावर माझ्यातल्या गोळ्या घेतात, हे त्यांनी कितीदा पाहिले होते. त्यांनी रिवाजाप्रमाणे माझ्यात हात घातला, स्क्रू बाजूला सारले आणि दोन गोळ्या घेतल्या. वर जरा डोळा लागावा म्हणून खिशातली स्वतःची झोपेची गोळीही घेतली. "जरा पाठ टेकतो," असे पुटपुटत ते चटईवर आडवे झाले.

मला ओरडायचे होते. पण पत्र्याला कुठली जीभ?

काका घोरू लागले. ते नेहमीचे घोरणे नव्हते. मध्येच ते थांबे, आणि पुढचा श्वास येतो की नाही असे वाटे. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या.

"काका, चहा. अहो काका!"

त्यांनी खांदा हलवला, जोरात हाका मारल्या. काका उठेनात. ओठ निळसर पडले होते. वहिनींची नजर माझ्या उघड्या झाकणावर गेली आणि त्यांना सगळे उमगले. त्यांनी लगेच रुग्णवाहिकेला फोन केला आणि काय घेतले असेल तेही सांगितले. फोनवरच्या बाईंनी सांगितले तसे त्यांनी काकांना कुशीवर वळवले आणि त्यांच्या छातीवरची नजर हटू दिली नाही. "श्वास घ्या काका, घ्या ना," असे त्या एकसारखे म्हणत होत्या. पॉलिश अर्धवट राहिलेल्या त्या टेबलाजवळ बसून त्या रडतही होत्या.

रुग्णवाहिका आली. त्यातल्या माणसाने काकांच्या नाकात अशा गोळ्यांचा अंमल उतरवणारे एक औषध फवारले. आम्ही सारे थांबलो. आणि मग, मित्रांनो, काकांनी खोल श्वास घेतला! छाती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. मी आयुष्यात पुष्कळ कारागिरी पाहिली, पण साध्या श्वासाएवढे आश्चर्य कुठे पाहिले नाही. काकांना तरीही दवाखान्यात नेऊन ठेवले, कारण फवारलेल्या औषधाचा गुण आधी ओसरतो आणि गोळीचा अंमल मागे उरू शकतो.

मिस्त्री परत आले आणि त्यांनी सगळे ऐकले. "आजपासून बंद! एकही घेणार नाही," ते म्हणाले.

"एकदम नाही," वहिनी म्हणाल्या. "आधी डॉक्टरांना सगळं खरं सांगायचं. मी येते बरोबर."

डॉक्टर रागावले नाहीत. शरीराला सवय लागते, तो माणसाचा नालायकपणा नव्हे, असे ते म्हणाले. औषध अचानक तोडले तर शरीराचे हाल होतात, म्हणून त्यांनी ते हळूहळू उतरवत न्यायचे ठरवून दिले. सोपे नव्हते ते. मिस्त्री चिडले, घामाघूम झाले, कधी वहिनींचा हात धरून नुसते बसून राहिले. पण उतरत्या पायऱ्या त्यांनी एकेक करून उतरल्या. शेवटी उरलेल्या गोळ्या त्यांनी स्वतः दुकानात नेऊन दिल्या. उरलेली वस्तू त्यांच्या हातून घराबाहेर गेली ती त्या दिवशी पहिल्यांदाच!

मग मिस्त्रींनी घरातल्या औषधांसाठी कुलपाचे एक छोटे कपाट केले. बरे होऊन आलेल्या काकांनी त्याला पॉलिश केले. त्याच्या बिजागरीला स्क्रू लागले ते माझ्यातलेच, याचा मला अभिमान आहे.

मित्रांनो, ती गोळी दुष्ट नव्हती. तिच्यामुळेच मिस्त्रींना त्या पहिल्या दिवसांत डोळा लागला. पण जिचे बळ एवढे मोठे, तिला माझ्यासारख्या उघड्या डब्यात ठेवू नका. दुसऱ्याचे औषध आपले म्हणून घेऊ नका आणि आपले दुसऱ्याला देऊ नका. जाणत्या माणसाला विचारण्यात कसला कमीपणा?

आता माझ्यात फक्त खिळे-स्क्रू आहेत. ते घ्यायला आजही कुणी परवानगी मागत नाही. एकटे चकचककाका मात्र साधा स्क्रू हवा असला, तरी माझ्यापुढे क्षणभर थांबतात, झाकणावर बोटाने टकटक करतात आणि हळूच विचारतात, "घेऊ का रे?"