कुजका म्हणून लिहिलेला दोर

मी एक दोर आहे. काथ्याचा, दोन अंगठ्यांएवढा जाड. धरून ठेवायची मला सवय, बोलायची नाही. म्हणून सावकाश सांगतो.

भाट्याच्या खाडीत नारळाची सोडणं कुजवून, ठेचून मला वळलं. मांडवीच्या महिपतने मला नेलं. घरांवर झुकलेली झाडं तोडायचं त्याचं काम. आळीत घराला घर लागलेलं, तिथे झाड पाडता येत नाही. एकेक फांदी उतरवावी लागते. महिपत वर चढून मला वरच्या बेचक्यातून ओवे आणि फांदीला बांधे. त्याचा मेहुणा धाकू खाली माडाला माझे दोन वेढे देऊन उभा राही. वरून "उतरव" असा शब्द आला की मला हळूहळू सैल सोडी. आठ वर्षांत आम्ही कुणाचं कौल फोडलं नाही.

चौतीस साली विम्याचे एजंट गंगारामभाऊ ओटीवर आले. महिपतची बायको तुळसा हसून म्हणाली, "आमचे हे फांद्या उतरवतात, तुम्ही काय उतरवता?"

"मी विमा उतरवतो, बाय. हा पडला तर घर उपाशी राहू नये."

महिपतने अंगठा उठवला. कागद मुंबईला कंपनीकडे गेला.

पंधरवड्याने एका घरावरचा आंबा तोडायचा होता. धाकू विहिरीच्या आडोशाला होता, तिथून झाड दिसत नव्हतं. अर्धी तोडलेली फांदी मी तोलून धरली होती, आणि माझ्या भरवशावर महिपतने तिच्यावर पाय टाकला होता. तेवढ्यात गंगारामभाऊ पत्र हलवत धावत आले.

"महिपत, उतरवला रे! विमा उतरवला!"

वाऱ्यात धाकूला "उतरव" एवढंच ऐकू आलं. त्याने मला सैल सोडलं.

फांदी कडाडली. महिपत कौलांवर आपटून अंगणात पडला. धाकूने मला आवळलं; मी त्याचे तळवे सोलत सरकलो आणि थांबलो. फांदी छपराच्या वीतभर वर लोंबकळत राहिली.

महिपतचा खुबा मोडला. झाडावर चढणं संपलं.

चार दिवसांनी गंगारामभाऊ खाली मान घालून आले. "कंपनी विचारते, कशाने पडला? सामान तुटलं तर पैसे देतील. आपल्याच माणसाची चूक असेल तर नाय."

"चूक माझीच, भाऊ," धाकू म्हणाला. "माझ्या कानांची."

"गप, मेल्या!" महिपत खाटेवरून ओरडला. "दोर तुटला."

"मग उद्या दोर दाखवा," भाऊ म्हणाले.

धाकूने मला परसात नेलं, दगडावर ठेवलं आणि दुसरा दगड उचलला. त्याचा हात थांबला. मला वाटलं, नाही करणार. मग त्याने ठेचलं, पुन्हा पुन्हा, पेड न् पेड तुटेपर्यंत. "माफ कर रे बाबा," तो पुटपुटत होता.

दुसऱ्या दिवशी गंगारामभाऊंनी माझं तुटकं टोक पाहिलं. मग धाकूचे तळवे पाहिले. दोर तुटला असता तर तळवे कशाला सोलले असते? धाकूने हात पाठीमागे नेले. त्या दिवशी "उतरवला" म्हणून ओरडले होते ते भाऊच.

"दौत आणा," ते म्हणाले. आणि लिहिलं: दोर कुजका होता.

पैसे आले. त्या घरची चूल विझली नाही. मी आता गोठ्यात पडून आहे. आळीतली माणसं नवा दोर घेताना म्हणतात, "महिपतच्या दोरासारखा कुजका नको हां." धाकू ऐकतो आणि निघून जातो. मला राग नाही. पण तुम्ही परके, तुम्हाला सांगायला हरकत नाही: त्या दिवशी मी तुटलो नव्हतो.

तेवढं कंपनीला मात्र कळवू नका.