पाचर मारलेलं टेबल

आमच्या ह्यांना निवृत्त झाल्यावर सल्लागार व्हायचं होतं. सल्ला कशाचा द्यायचा हे अजून ठरायचं होतं, पण ऑफिस मात्र ठरलं होतं. स्वयंपाकघरामागची खोली. त्या खोलीत माझी नणंद सुतारकाम करते, ही एक बारीकशी अडचण होती. ती ह्यांनी एका सकाळी चहा पिता पिता सोडवून टाकली.

"ताई, तू वरच्या खोलीत जा. वाच, आराम कर. हत्यारं देऊन टाकू कुणाला तरी. वर ठोकाठोकी नको हं, खाली माझ्याकडे माणसं येणार."

ताई ह्यांच्याहून मोठ्या. शाळेत भूमिती शिकवण्यात त्यांचा जन्म गेला आणि शाळा सुटली तशी त्यांनी करवत हातात घेतली. स्टूल, फडताळ, माझा पोळपाट, सगळं त्यांच्या हातचं. दुपारी भांडी आवरून मी जरा आडवी झाले, की भिंतीपलीकडून रंध्याचा आवाज यायचा आणि मला छान झोप लागायची. तो आवाज बंद होणार, आणि त्या जागी हे फोनवर मोठमोठ्याने सल्ले देणार, या कल्पनेनेच माझं डोकं उठलं. पण ताई शांत. कपातला चहा संपवून म्हणाल्या, "बरं. जाताना तुला काही करून देऊ का, बाळ्या?"

बाळ्या म्हणजे आमचे हे. साठी उलटली, तरी त्यांच्या ताईला त्यांचं डोकं अजून कोवळंच वाटतं. मला वेगळं काही वाटत नाही.

हे एकदम खुलले. "जेवणाचं टेबल कर. बाहेरच्या खोलीसाठी. ऐसपैस हवं, चारचौघांत नाव निघालं पाहिजे. आणि एकही खिळा नको, स्क्रू नको. जुन्या पद्धतीचे सांधे. लोकांना सांगता आलं पाहिजे."

"एकही खिळा नको? नक्की?"

"एक जरी सापडला तर परत करीन!"

ताईंनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मला हाक मारून त्यांनी मापाची फीत हातात दिली. "हे टोक धर." आम्ही आधी त्यांच्या खोलीचं दार मोजलं. मग दाराबाहेरचा बोळ, जो लगेच काटकोनात वळून स्वयंपाकघरात जातो. मग खिडकी, जिला जाड गज आहेत. टेबल करायला फळ्या मोजतात, दारं मोजत नाहीत, एवढं मलाही कळतं. मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी चष्मा नाकावर सारून माझ्याकडे पाहिलं.

"काही म्हणालीस?"

"छे हो," मी म्हणाले. फितीचं टोक धरलं आणि तोंड मिटलं.

काम सुरू झालं. खोलीभर भुसा, ताईंच्या पदराला भुसा, माझ्या आमटीत भुसा. हे रोज डोकवायचे आणि भेटेल त्याला ऐकवायचे, "एक खिळा नाही! दाखवायला बोलावीन." त्या नादात दाराकडे पाहायचं काही त्यांना सुचलं नाही. ताईंनी मला सांधा समजावून सांगितला. पायाचं वरचं टोक कोरून बारीक करायचं, ते कुसू. फळीला आरपार भोक पाडून त्यातून ते वर काढायचं. कुसवाच्या डोक्यात चीर पाडायची आणि त्या चिरेत लाकडाची पाचर ठोकायची. कुसू आतल्या आत फाकतं आणि मग कुणाचा बाप आला तरी पाय निघत नाही. शेवटची पाचर ठोकताना ताईंनी मोगरी माझ्या हातात दिली. मी अशी काही हाणली, की नवऱ्यावरचा बराचसा राग तिथेच उतरला.

टेबल मात्र दृष्ट लागावी असं झालं.

ते न्यायला ह्यांनी शेजारच्या दाताच्या डॉक्टरांना बोलावलं. आधी सरळ, मग आडवं, मग उभं. दारातून अर्धं बाहेर आलं आणि बोळाच्या भिंतीला टेकलं. "थोडं डावीकडे!" "माझी डावी की तुमची?" डॉक्टर टेबल आणि चौकट यांच्यामध्ये असे अडकले, की मला पोह्यांची बशी त्यांना टेबलाखालून द्यावी लागली. शेवटी टेबल पुन्हा आत गेलं आणि डॉक्टर कंबर धरून घरी गेले.

हे घाम पुसत म्हणाले, "ताई, पाय काढून दे."

"निघत नाहीत."

"स्क्रू काढ ना!"

"स्क्रू नको म्हणालास."

ह्यांनी टेबलाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खिडकीचे गज पुसायला घेतले.

"म्हणजे तू मुद्दाम पाचर मारलीस!"

"मारली," ताई म्हणाल्या. "चारही पायांना."

मला हसू आवरेना. हे भडकले. भिंतीवरची करवत ओढून त्यांनी ती एका पायाला लावली. माझं हसू जागच्या जागी विरलं. ताई मध्ये पडल्या नाहीत. जवळच्या स्टुलावर बसल्या, इतकंच.

"काप," त्या म्हणाल्या. "टेबलाचं मला काही नाही, दुसरं होईल. पण ही खोली गेली की दुसरं काही होणार नाही, बाळ्या. नुसती पुस्तकं घेऊन मी तिथे कशाची वाट बघू? मला इतक्यात वर पाठवू नकोस रे."

ह्यांच्या हातातली करवत हळूहळू खाली आली. माझ्या नवऱ्याला राग लगेच येतो, आणि रडू आलं की ते घसा साफ करतात. त्यांनी पुष्कळ वेळ घसा साफ केला.

"मग हे टेबल बाहेर न्यायचं कसं?"

"दार मोठं करावं लागेल," ताई म्हणाल्या. "नवी चौकट लागेल."

"करशील?"

"करीन की. पण चौकट करायची म्हणजे जागा लागते."

"इथेच कर. दुसरीकडे कुठे करणार?" हे जरा चिडूनच म्हणाले. म्हणता म्हणता त्यांना काय ते उमगलं, आणि ते माझ्याकडे बघून कसंनुसं हसले. "किती दिवस लागतील?"

"आधी लाकूड वाळायला हवं. ओल्या लाकडाचा सांधा धरत नाही. लाकूड वाळलं की मग बघू."

ह्यांनी टेबलावरून हात फिरवला. एका पाचरेवर अंगठा दाबून पाहिला.

"सावकाश होऊ दे," ते म्हणाले. "सल्ला द्यायची मलाही काही घाई नाही."