बॉम्बवरची चिठ्ठी

नाटकांचं सामान बनवणारे काका स्वतःच बनवलेला खोटा बॉम्ब बसथांब्यावर विसरले, तो शोधायला परतले आणि थेट पोलीस चौकीत पोचले.

"खोटा असला म्हणून काय झालं? लोकांना घाबरवायला बाळगला असेल, तर तुरुंगच आहे," इन्स्पेक्टरबाईंनी दम भरला.

बाईंनी बॉम्ब उलटा केला. तळाला काकूंच्या अक्षरात चिठ्ठी डकवलेली होती: 'नाटकातला आहे, फुटत नाही. आमचे हे विसरभोळे आहेत. सापडल्यास फोन करावा.'

बाईंना हसू आवरेना. "घाबरवणारा माणूस असलं लिहीत नाही. जा घरी."

छत्रीपासून डब्यापर्यंत चिकटणाऱ्या या चिठ्ठ्यांवरून काका तीस वर्षं काकूंवर खेकसत आले होते. घरी पोचताच त्यांनी शर्टाची कॉलर काकूंपुढे केली.

"इथंही एक लाव."