न केलेला फोन

वंध्यत्वावरच्या उपचारांच्या एका संशोधनात ती परिचारिका होती. उपचारांनंतर कुणाला दिवस राहिले, कुणाचं बाळंतपण सुखरूप झालं, हे फोनवर विचारून तक्त्यात भरायचं, हे तिचं काम. उत्तर मिळालं नाही तर तीनदा फोन करायचा नियम होता. उपचार घेतलेल्या एका शिक्षिकेने पहिले दोन फोन उचलले नाहीत. त्या दिवशी कामाचा नुसता ढीग पडला होता. परिचारिकेने तिसरा फोन न करताच ‘संपर्क झाला नाही’ असं लिहून टाकलं.

चार महिन्यांनी ती शिक्षिका जुने रिपोर्ट न्यायला आली.

“तुम्ही फोन केलात तेव्हा मी दवाखान्यात होते,” ती म्हणाली. “पाचव्या महिन्यात बाळ गेलं. उलट फोन करायचा धीर झाला नाही. नवऱ्यापुढे विषय काढता येत नाही. म्हटलं, सिस्टर पुन्हा विचारतील, तेव्हा बोलू.”

“चुकलंच माझं. बसा ना, आता सांगा.”

“आता नको,” शिक्षिका म्हणाली आणि रिपोर्ट घेऊन गेली.

परिचारिकेने डॉक्टरांना सगळं खरं सांगून नोंद दुरुस्त केली. त्या बाईचं ऐकून घ्यायचं मात्र राहूनच गेलं.