चर्चच्या रुळाचा ठणाणा

मी रुळाचा तुकडा बोलतोय. औशाजवळच्या एका चर्चच्या आवारात कडुलिंबाला तारेनं टांगलेला. घंटा घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून या लोकांनी मला नांदेडच्या भंगारातून उचलून आणलं. गजानं ठोकलं की मी ओरडतो आणि लोक उपासनेला येतात. गोड बोलणं मला जमत नाही. आगगाडीखाली वाढलोय मी.

लातूर नवा जिल्हा झाला आणि पाऊस गेला. गावातले आड आटले. पाणी राहिलं फक्त चर्चच्या आडाला. मग या शहाण्यांनी काय करावं? जिल्ह्याचे साहेब येणार म्हणून चर्चपुढं सिमेंटचा ओटा बांधला. ओल्या सिमेंटला पाणी मारावं लागतं. म्हणून चर्चच्या पंचानं, श्रीमंतरावानं, आडाला झाकण बसवलं, कुलूप घातलं, किल्ली करदोड्याला बांधली. ओटा दोन्ही वेळा न्हाऊ लागला.

ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतून धुरपताबाई घागर घेऊन आली.

"श्रीमंता, एक घागर दे रं. सून बाळंत हाय."

"ओटा वाळू दे, मावशे. आत्ताच पाणी तोडलं तर चीर पडंल. साहेब येणार हायत."

"सुनंचं दूध आटून राहिलंय. तिथं चीर पडलेली चालती व्हय?"

त्यानं ओट्यावर आणखी एक बादली ओतली. ती रिकामी घागर घेऊन गेली.

हाच श्रीमंतराव उपासनेत देवाची साक्ष द्यायला उभा राहिला की रडून सांगायचा, माझी आई आणि धुरपता मावशीची आई पाटलाच्या आडापाशी लांब उभ्या राहायच्या, कुणी वरून ओतलं तरच पाणी. दोन्ही घरांनी धर्म बदलला, याचं ख्रिस्ती झालं, तिचं बौद्ध. याच्या कंबरेला एक किल्ली आली तर हाच पाटील झाला!

रविवारी पाळकांनी बायबलमधला आमोस संदेष्ट्याचा भाग वाचला. तो आमोस साधा गुराखी. मोठ्या लोकांच्या तोंडावर बोलला, देवाला तुमचे सण नकोत, गाणी नकोत, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. सगळे 'आमेन' म्हणाले. सगळ्यांत मोठ्यानं श्रीमंतराव. बाहेर येऊन त्यानं आधी कुलूप ओढून बघितलं. मग ओट्यावर बसून सगळ्यांनी पावसासाठी प्रार्थना सुरू केली. माझ्या लोखंडी अंगाची आग झाली.

तेवढ्यात धुरपताबाई पुन्हा आली. सरळ माझ्यापाशी. गज उचलला आणि मला ठोकायला लागली. मीही जीव खाऊन ओरडलो.

"मावशे, ती देवाची घंटा हाय!"

"मंग देवालाच बोलावून राहिले मी. तू कशाला उठलास?"

श्रीमंतरावाची बायको केवळाबाई उठली. "अहो, किल्ली देता का चारचौघांत करदोडा तोडू?"

लोक हसले. त्यानं दोन्ही हातांनी कंबर धरली, पण किल्ली काही दिली नाही. मग धुरपताबाईनं गज केवळाबाईच्या हातात दिला. तिनं आडाच्या कुलपावर घाव घातले. कुलूप मातीत पडलं. तसला आवाज मला जन्मात काढता आला नाही.

पाणी घागरींत गेलं, ओट्याला चीर पडली. साहेब आलेच नाहीत.

आता चर्चवर भोंगा आहे. मी गंजतोय. घरोघरी बोअर झाले आणि घरोघरी फाटकाला कुलूप. आमोस अजून वाचतात, 'आमेन' अजून म्हणतात. मला भंगारात घालायचं तर खुशाल घाला. तो गज मात्र झाडाखालीच राहू द्या. धुरपताबाईची नात घागर घेऊन येईल, तेव्हा तिच्या हाताला लागेल.